पंधरा हजारांत घरचा डीजे : खर्चाचा हिशेब आणि घ्यायचा क्रम



आजची नोंद तुरीची नाही, सोयाबीनचीही नाही. डीजेची आहे. गावात पाच-सहा घरांत बावीस-तेवीस वर्षांची पोरं आहेत आणि त्यांचे बाप मला डेअरीवर, पारावर, बार्शीच्या बाजारात गाठून एकच विचारतात, "पोरगं डीजे घ्या म्हणतंय, तुमच्या पोराला किती लागले?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. औषधाच्या फवारणीचा हिशेब जसा इथं लिहितो, तसाच हा.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडं डीजे म्हणलं की टेम्पोवर रचलेली खोक्यांची भिंत आणि मागं धडधडणारा जनरेटर डोळ्यापुढं येतो. त्याचं नाव साउंड सिस्टीम. डीजे म्हणजे माणूस. एक गाणं चालू असताना दुसरं गाणं हेडफोनात ऐकायचं, त्याची चाल पहिल्याशी जुळवायची आणि नाचणाऱ्याचा पाय न अडखळता एकातून दुसऱ्यात न्यायचं, हे त्याचं काम. भिंत भाड्यानं मिळते. हे काम शिकावं लागतं, आणि शिकायला घरातली एक खोली पुरते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत एवढं ज्या बापाच्या ध्यानात आलं, त्याचे चार लाख वाचतात.

चार लाख उगाच म्हणत नाही. दिवाळीनंतर आमच्या थोरल्याच्या दोन दोस्तांनी भागीदारीचा विषय काढला. बेसची खोकी, वरचे टॉप, अँप्लिफायर, मिक्सर, लाइट आणि जुना टेम्पो, सगळं मिळून बारा लाख. तिघांत वाटलं तर एकाचे चार लाख. पैसे फायनान्सवर, तीन वर्षांची फेड, महिन्याला साडेतेरा हजारांच्या आसपास हप्ता, पहिला हप्ता जूनला. पोरगं म्हणालं, "आण्णा, सातबाऱ्यावर बोजा नाही चढणार. माझ्या नावावर घेतो." मी म्हणलं, "नाव तुझं, पण जूनचा हप्ता कुणाच्या खिशातनं?"

शेतकऱ्याला हे फोडून सांगायची गरज नाही. जूनला बियाणं, खत, पेरणी, मजुरी. त्याच महिन्यात हप्ता. आणि लग्नाचा हंगाम कधी संपतो? आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कार्तिकीपर्यंत लग्नं नाहीत. मधे गणपती आणि नवरात्र, तेवढ्यावर भागवायचं. म्हणजे हप्ता बारमाही आणि धंदा हंगामी. पाणी आठमाही असताना ऊस लावायचा तसलाच प्रकार. मी नाही म्हणलं.

नाही म्हणल्यावर पोरगं दोन दिवस पंगतीला बसलं नाही. शेतात येत होतं, ठिबकच्या नळ्या बघत होतं, पण तोंड बंद. आमच्या घरात एकाला एक हात आहे. तो मनानं शेतातून उठला तर दहा एकर मी एकटा किती ओढणार? मालकीण म्हणाली, "नाही म्हणलात ते बरोबर. पण कशाला तरी हो म्हणा. नुसतं नाही ऐकून पोरं घरात राहत नाहीत." तिचं म्हणणं मला पटलं.

मग आम्ही ठरवलं. त्यानं वाढवलेले दोन बोकड विकले, पंधरा हजार आले. पैसा त्याचा. खता-बियाण्याच्या पैशाला हात नाही, उसनवारी नाही, हप्ता नाही. या पंधरा हजारांत घरी शिकायचं सामान जमवायचं. सहा महिन्यांत कळेल की कान आहे की नुसती हौस आहे. कान नसला तर सामान विकून निम्मे तरी परत येतील. चार लाखांच्या भिंतीत तसं नसतं.

आता सामान. मोटर घेताना आपण आधी विहिरीत पाणी किती ते बघतो, मग एचपी ठरवतो. इथं पोरं उलटं करतात. आधी मोठा स्पीकर घेतात, कारण तो दिसतो. घरी शिकायला सगळ्यात आधी लागते ती एकच सोय, दोन वेगळे आवाज. एक बाहेर लोकांना, एक फक्त तुमच्या कानात. पुढचं गाणं कानात ऐकल्याशिवाय जुळवता येत नाही. ही सोय झाली की डीजे सुरू झाला. बाकी सगळं नंतर.

पोरानं मला याची एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात ब्राँक्स नावाचा भाग आहे, तेव्हा फार गरिबीचा. तिथं ११ ऑगस्ट १९७३ ला कूल हर्क नावाच्या पोरानं आपल्या इमारतीच्या हॉलमध्ये बहिणीच्या पार्टीला दोन तबकड्यांवर गाणी वाजवली. हिपहॉप संगीताचा जन्म लोक त्या रात्रीपासून धरतात. त्याच भागातला दुसरा एक पोरगा, ग्रँडमास्टर फ्लॅश, विजेच्या कामाचं शिकलेला. टाकून दिलेल्या रेडिओ-टेपमधले भाग काढून खटपट करणारा. पुढची तबकडी आधी आपल्या कानात ऐकू यावी म्हणून त्यानं स्वतःच बटणाची जोडणी करून घेतली होती. म्हणजे ज्यांनी ही कला उभी केली ती काही पैसेवाल्यांची पोरं नव्हती, आणि त्यांनीही आधी हेडफोनचाच प्रश्न सोडवला. हे ऐकल्यावर माझ्या मनातला क्रम पक्का झाला.

पहिला टप्पा, लॅपटॉप. कॉलेजसाठी घेतलेला जुना लॅपटॉप घरात होता. तो चालू व्हायलाच पाच मिनिटं घ्यायचा. नवा घेतला नाही. आतली जुनी हार्डडिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवली, १,८०० रुपये. चार जीबी रॅम होती, त्यात जुन्या बाजारातली चार जीबी घातली, १,४०० रुपये. लॅपटॉप पळायला लागला. नव्याच्या किमतीच्या दहाव्या हिश्शात काम झालं.

दुसरा टप्पा, सॉफ्टवेअर. यावर एक रुपया गेला नाही. ‘मिक्स’ नावाचं सॉफ्टवेअर आहे, इंग्रजीत शेवटी तीन एक्स लिहितात. ते पूर्ण फुकट आहे. चोरीचं नाही, बनवणाऱ्यांनीच सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं आहे. विंडोजवरही चालतं, लिनक्सवरही चालतं. पायरेटेड सॉफ्टवेअर कुणी पेनड्राइव्हवर देत असेल तर घेऊ नका. त्यातून व्हायरस आला तर लॅपटॉपमधली सगळी कागदपत्रं जातील.

तिसरा टप्पा, दोन आवाजांची सोय. यूएसबीला लावायचं छोटं साउंडकार्ड मिळतं, ३५० रुपये. त्यातून बाहेरचा आवाज स्पीकरला द्यायचा आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या भोकात हेडफोन लावायचा. कुठला आवाज कुठून काढायचा ते सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये निवडता येतं. हेडफोन वायरवाला घ्या, कान पूर्ण झाकणारा. ब्लूटूथ नको, कारण त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो आणि चाल जुळवताना तो किंचितच घात करतो. आम्ही १,६०० चा घेतला.

इथवर ५,१५० रुपये झाले आणि पोरानं दोन महिने एवढ्यावरच कीबोर्डनं शिकून घेतलं. ज्याच्याकडं लॅपटॉपही नाही त्यानं मोबाइलवर सुरुवात करावी. मोबाइलच्या डीजे ॲपमध्येही आवाज दुभागायची सोय असते. एका बाजूनं लोकांचा, एका बाजूनं कानाचा. त्याला दुभागणारी केबल तेवढी लागते.

चौथा टप्पा, कंट्रोलर. ही दोन चाकं आणि सरकत्या खिट्ट्यांची पाटी. यात साउंडकार्ड आतच असतं. नवीन घ्यायचा तर पायोनियर, हर्क्युलस, न्यूमार्क अशा कंपन्यांचे शिकाऊ लोकांसाठीचे कंट्रोलर आहेत. आम्ही हर्क्युलसचा इनपल्स २०० जुना घेतला, सोलापूरच्या एका पोराकडून, ७,५०० रुपयांना. विजेला वेगळा लावावा लागत नाही, लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो. लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर सराव चालू राहतो, आपल्याकडं हे मोलाचं.

जुना कंट्रोलर घ्यायला जाताना आपला लॅपटॉप बरोबर न्या. बैल घेताना दात बघतो, चालवून बघतो, तसं करा.

१. तुमच्या सॉफ्टवेअरला हा कंट्रोलर चालतो का, हे घरीच बघून निघा.
२. प्रत्येक खिट्टी वर-खाली करा. आवाज मधेच तुटला किंवा खरखरला तर आत धूळ बसलीय किंवा पट्टी झिजलीय.
३. यूएसबीची वायर हलवून बघा. हलवल्यावर बंद पडला तर घेऊ नका.
४. दोन्ही चाकं फिरवा, दोन्ही बाजूची सगळी बटणं दाबा.
५. बाहेरचा आवाज आणि हेडफोनचा आवाज दोन्ही स्वतः ऐका.

पाचवा टप्पा, स्पीकर. नवा घेतला नाही. माळ्यावर जुना होम थिएटर पडला होता, दोन छोटे आणि एक बेसचा डबा. आवाजाची कळ खरखरत होती, बार्शीत २०० रुपयांत बदलून आणली. कंट्रोलरपासून स्पीकरपर्यंतची केबल २५० रुपये. बारा बाय दहाच्या खोलीला एवढा आवाज बक्कळ होतो.

सहावा टप्पा, वीज. आमच्याकडं शेतीच्या मोटरी सुरू झाल्या की घरातला व्होल्टेज पडतो आणि बंद झाल्या की वर उसळी मारतो. चांगला स्पाइक गार्ड ६०० रुपयांचा घेतला. तरी नियम केलाय, लाइट गेली की पिना काढायच्या आणि परत आल्यावर पाच मिनिटांनी लावायच्या. स्पीकरमधून सारखा घूं आवाज यायचा. लॅपटॉपचा चार्जर काढला की थांबायचा. म्हणजे दोष अर्थिंगच्या बाजूचा. वायरमनला बोलावून घराची अर्थिंग तपासली, खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी सोडलं, घूं बराच कमी झाला. ही अर्थिंग तशीही जिवासाठी गरजेची होती, त्यामुळं तो खर्च डीजेत धरलेला नाही.

एकूण झाले १३,७०० रुपये. उरले १,३००. टेबल घेतलं नाही, जुनी दाराची फळी विटांच्या दोन थरांवर ठेवलीय. वर धुळीसाठी धोतराचं फडकं.

आता शिकताना काय कळतं ते पोराकडून ऐकून आणि शेजारी बसून मी जे टिपलं ते सांगतो, म्हणजे बापांना कळेल की पोरगं खोलीत नक्की करतंय काय.

गाण्याचे ठोके मिनिटाला किती पडतात त्याला बीपीएम म्हणतात. एक गाणं १०० चं आणि दुसरं १०४ चं असेल तर दुसरं थोडं संथ करून १०० वर आणायचं. मग ठोक्यावर ठोका बसवायचा. दोन बैल एका जोखडात चालतात तसं. एक पुढं गेला की जोखड वाकडं होतं, इथं कानाला लगेच कळतं. कंट्रोलरवर सिंक नावाचं बटण असतं, ते हे काम आपोआप करतं. पण आपल्या जुन्या गाण्यांना ते पुरत नाही. संगणकावर बनलेल्या नव्या गाण्याची चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी असते. हलगी, संबळ, ढोलकी माणसानं वाजवलेली असली की चाल श्वासासारखी कमी-जास्त होते, रंगात आली की वाढते. तिथं बटण फसतं आणि कान लागतो. माझं पोरगं संबळावर नवं गाणं बसवायला तीन आठवडे झगडत होतं. मला तेव्हाच वाटलं की ही नुसती हौस नाही.

दुसरं, दोन गाण्यांचा बेस एकदम वाजवायचा नाही. एकाचा बेस कळ फिरवून कमी करायचा, मग दुसऱ्याचा सोडायचा. एकाच पाटात दोन दारी एकदम फोडली की पाणी कुठंच नीट पोचत नाही, तसा तो आवाज गढूळ होतो.

तिसरं, लाल दिवा. आवाज प्रमाणाबाहेर गेला की कंट्रोलरवर किंवा स्क्रीनवर लाल दिसतं. त्यापुढं आवाज मोठा होत नाही, फाटतो, आणि फाटक्या आवाजानं स्पीकर जळतो. मोटर ओव्हरलोडवर चालवण्यासारखंच ते.

चौथं, गाण्यांची फाइल. व्हॉट्सॲपवर आलेली किंवा व्हिडिओतून काढलेली गाणी छोट्या स्पीकरवर बरी वाटतात, मोठ्यावर उघडी पडतात. विकत घेऊन ३२० केबीपीएसची ठेवावीत. पाच मिनिटांचं गाणं साधारण १२ एमबी होतं, म्हणजे हजार गाणी १२ जीबीत बसतात. एवढ्यासाठी मोठी डिस्क लागत नाही. उरलेल्या १,३०० मधून पोरगं महिन्याला थोडी थोडी गाणी विकत घेतं. बियाणं खात्रीचं असावं, ते इथंही खरं.

आता कानाचं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पोरगं शेजारच्या गावातल्या एका पार्टीबरोबर वरातीला जायचं, खोक्यांच्या पुढ्यातच उभं. परत आलं की दोन दोन दिवस कानात रातकिडा वाजतो म्हणायचं. कानात किर्र होणं ही नुसती थकवट नव्हे, ती आतल्या नसांना मार बसल्याची खूण आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो. त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास. १०० ला पंधरा मिनिटं. मिरवणुकीत खोक्यापुढं याच्याही वर जातं. गेलेला कान खतानं, औषधानं परत येत नाही. डीजेचा कान गेला म्हणजे शेतकऱ्याची जमीन गेली.

म्हणून घरी दोन नियम आहेत. सराव संध्याकाळी धार काढून झाल्यावर, एक ते दीड तास, दार लावून. आणि आवाज एवढाच, की बाहेर ओसरीवर माझ्या आईला रेडिओवरची बातमी नीट ऐकू आली पाहिजे. तिचं वय ८१, छातीचा त्रास आहे. गोठाही भिंतीला लागूनच, म्हशी बिचकल्या की पान्हा चोरतात. कायद्यातही राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. पण माझ्या घरात कायद्याच्या आधी म्हातारी आहे.

दोस्तांचं काय झालं, हेही बरेच विचारतात. त्यांनी तिसरा भागीदार धरला आणि भिंत घेतली. आमचं त्यांच्याशी वाकडं नाही. उलट त्यांना वाजवणारा लागतो. चैत्र-वैशाखात पोरगं आपला कंट्रोलर आणि लॅपटॉप पिशवीत घालून त्यांच्या सिस्टीमवर चार ठिकाणी हळदीला वाजवून आलं, रात्रीचे दीड हजार प्रमाणे सहा हजार मिळाले. कानात फोमचे बोळे घालून, खोक्यांच्या मागं उभं राहून. जूनला त्यातलेच चार हजार त्यानं सोयाबीनच्या बियाण्याला मला आणून दिले. मी मागितले नव्हते.

पुढं काय ते मला ठाऊक नाही. त्याला पुण्याला जाऊन हेच नीट शिकायचं आहे, असं मालकिणीजवळ बोललाय. माझ्याजवळ अजून नाही. जायचं असेल तर जाईल. पण डोक्यावर हप्ता घेऊन जाणार नाही, आणि उद्या परत यावंसं वाटलं तर रान इथंच आहे, त्यावर कुणाचा बोजा नाही.

तर ज्यांचं पोरगं डीजे मागतंय त्यांनी एवढं करा. आधी त्याला विचारा, भिंत पाहिजे की काम शिकायचंय. शिकायचं असेल तर हेडफोन आणि फुकटचं सॉफ्टवेअर, दोन महिने एवढंच. टिकला तर जुना कंट्रोलर. स्पीकर घरातलाच. पैसा असा निवडा की बुडाला तरी पेरणी अडणार नाही. आणि अधूनमधून जाऊन शेजारी बसा. संबळ आणि नवं गाणं एका ठोक्यावर आलं की पोराच्या तोंडाकडं बघा, पुढचं तुमचं तुम्हाला कळेल.

उद्या तुरीच्या शेंडे खुडणीची नोंद टाकतो. पाऊस उघडला तर.